याश ते तोरिनो, अडीच तास

झाम्फिरा चिडलेली मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि दहांतल्या नऊ वेळा कारण एकच असायचं. कुणीतरी तिला म्हणालेलं असायचं, "अगं, अडीच तासांचा तर प्रवास!"

आम्ही दोघी हंगेरीपलीकडच्या वास्लुई जिल्ह्यातल्या, शेजारशेजारच्या गावांतल्या. ती पोयेनित्साची, मी ओढ्यापलीकडची. पण ओळख झाली ती इटलीत, तोरिनोला. इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला त्यांच्या घरी राहणाऱ्या आम्हा बायकांना गुरुवारची दुपार आणि रविवार एवढीच सुट्टी. नदीकाठच्या बागेत चारपाच बाकं आमची ठरलेली आहेत. तिथे बसून सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या आणि गावाकडच्या माणसांच्या नावाने बोटं मोडायची. झाम्फिराइतकी मनापासून बोटं मोडणारी दुसरी कुणी नव्हती.

वास्लुईची कापडगिरणी बंद पडली, पाठोपाठ नवरा गेला, आणि चाळिसाव्या वर्षी ती बसमध्ये बसून इकडे आली. तेव्हा आमच्याकडून तोरिनोला यायला बसने दोन दिवस लागायचे. हंगेरीच्या हद्दीवर पाय सुजायचे, स्लोव्हेनियात पाठ जायची. दोन वर्षांतून एकदा ती घरी जायची आणि गेली की अख्खी गल्ली भेटायला यायची. "एवढ्या लांबून आलीस गं बाई," म्हणून आई तिच्या पुढ्यात मक्याची उकड आणि मलई ठेवायची. त्या काळात तिच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

मग आमच्या जिल्ह्याजवळच्या याशहून तोरिनोला थेट विमान सुरू झालं. सरळ रेघेत साडेपंधराशे किलोमीटर. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी. आम्ही बायकांनी त्या दिवशी बागेत केक कापला होता. आज आठवलं की स्वतःलाच दोन लगावाव्याशा वाटतात.

कारण त्या दिवसापासून झाम्फिरा लांब राहिलीच नाही. ती जवळ आली, तेही फुकटात. तिचा धाकटा भाऊ नेकुलाय गावातच राहतो, आईच्या घरापासून चार घरं सोडून. पण शेगडीची चिमणी कोंदली की फोन झाम्फिराला. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, फोन झाम्फिराला. नाताळाआधी डुक्कर कापायचं आहे, सॉसेज भरायला हात कमी पडतात, फोन झाम्फिराला.

"अरे, तू तिथे चार घरांवर आहेस!"

"ताई, माझ्यामागे कामं असतात. तुला काय, विमानात बसायचं, एक डुलकी काढायची, आलीस."

ही डुलकी कशी असते ते मी सांगते. आधी एर्मेलिंडाबाईंजवळ बसायला कुणीतरी शोधायचं. एर्मेलिंडाबाई म्हणजे झाम्फिरा जिला सांभाळते ती म्हातारी. वय एक्क्याण्णव, जन्मभर पोस्टात काम केलेली, आता तासभरसुद्धा एकटी सोडता येत नाही, आणि बदली बाई आली की तिच्या अंगावर चमचे फेकते. बदली मिळाली की मंगळवारी बाराला घर सोडायचं, बसने विमानतळ गाठायचा, रांगा लावायच्या. विमान पावणेचारनंतर सुटतं आणि याशला साडेसातच्या सुमारास टेकतं, कारण आमचं घड्याळ तासभर पुढे. तोवर वास्लुईची शेवटची गाडी गेलेली. म्हणजे रात्र मावसबहिणीकडे, तिच्या नवऱ्याचं तोंड बघत. बुधवारी सकाळी दीड तास वास्लुई. तिथून पोयेनित्साला जाणारी मिनीबस दुपारी एकला. मधले चार तास बसस्टॉपवर. घराच्या फाटकाला हात लावेपर्यंत दुपारचे दोन. मोजले तर पंचवीस तास.

एकदा शेताच्या वाटणीच्या कागदावर सही करायला तिला असंच बोलावून घेतलं. तातडीचं, आजच्या आज. बुधवारी पोचली, गुरुवारी तालुक्याला कचेरीत गेली, तर कागद पाहणारे साहेब रजेवर. खिडकीतली बाई म्हणाली, "सोमवारी या."

"मी इटलीहून आले आहे," झाम्फिरा म्हणाली. "शनिवारी माझं विमान आहे."

"मग काय झालं? पुढच्या आठवड्यात परत या की. माझी जाऊ जाते-येते, अडीच तास लागतात म्हणे."

झाम्फिराने त्या बाईला काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही.

नेकुलायचा आणखी एक शोध होता. त्याने तिकिटावरच्या वेळा वाचल्या होत्या. याशहून एक चाळीसला सुटतं, तोरिनोला सव्वातीनला पोचतं.

"ताई, सगळे उगाच अडीच तास अडीच तास करतात. इथे छापलंय. दीड तास आणि वर पाच मिनिटं."

"अरे गाढवा, इथलं घड्याळ एक तास मागे असतं!"

"म्हणजे एक तास तुला वाचलाच ना?"

"आणि गावी येताना साडेतीन तास होतात, ते नाही वाचलंस?"

"ते तू येतेस म्हणून," तो शांतपणे म्हणाला. याचा अर्थ काय ते त्यालाही ठाऊक नसावं. झाम्फिराने तो फोन बंद करून बाकावर इतक्या जोरात आपटला की त्याची काच तडकली.

आईचं तर वेगळंच. साफ्ताबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या, काटक, जिल्ह्याबाहेर आयुष्यात दोनदा गेलेल्या. त्यांची तक्रार सरळ नसायची. "इलिंकाची मुलगी दर महिन्याला येते," असं म्हणायच्या आणि गप्प बसायच्या. शेजारच्या इलिंकाची ही मुलगी याशमध्येच राहते, हे झाम्फिराने शंभर वेळा सांगून झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात बापाच्या वर्षश्राद्धाचा विधी होता, आमच्या भाषेत पारास्तास म्हणतात तो. एर्मेलिंडाबाईंना न्यूमोनिया झाला होता, त्यामुळे झाम्फिरा जाऊ शकली नाही. आईचा फोन आला तेव्हा आम्ही बागेत शेजारी बसलो होतो. आवाज मलाही ऐकू येत होता.

"बापासाठी तुला अडीच तास काढता येत नाहीत?"

झाम्फिरा उठून उभी राहिली. "आई, ऐक. आता तूच ये."

"मी?"

"तूच. अडीच तासांचं तर काम आहे. तिकीट मी काढते. एकदा ये आणि मग मला काय बोलायचं ते बोल."

 मग साफ्ताबाई म्हणाल्या, "येते. त्यात काय एवढं? तुला वाटलं घाबरेन मी?"

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारचं तिकीट निघालं. मी सांभाळत होते ते म्हातारबाबा महिन्यापूर्वी वारले होते आणि मला नवं काम मिळायचं होतं, म्हणून त्यांना आणायला मीही झाम्फिराबरोबर विमानतळावर गेले. एर्मेलिंडाबाईंची मुलगी त्या दिवशी आईजवळ थांबली होती.

आम्ही तीनला पोचलो. बाहेर धुकं असं दाट की समोरचा वाहनतळ दिसत नव्हता. फलकावर याशच्या विमानापुढे "उशीर" लिहिलेलं. तासाभराने पुन्हा "उशीर". मग नेकुलायचा फोन आला. आईला विमानतळावर सोडून तो केव्हाच घरी परतला होता.

"आई पोचली का गं? तीन तास झाले."

"विमान अजून तिकडून सुटलंय की नाही तेच माहीत नाही!"

"असं कसं? अडीच तासांचा..."

तिने फोन माझ्या हातात कोंबला. मी त्याला म्हटलं, "नेकुलाय, बाबा रे, तू आता जेवून घे."

सव्वापाचला कळलं की विमान आलं, तोरिनोवर दोन घिरट्या घातल्या आणि धुक्यामुळे मिलानला जाऊन उतरलं. प्रवाशांना बसने आणणार होते. झाम्फिरा येरझाऱ्या घालत होती. "तिला इटालियनचा एक शब्द येत नाही, ओलिंपिया. तिला वाटेल हेच तोरिनो. ती चालायलाच लागेल!"

बस आली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. सगळ्यात शेवटी साफ्ताबाई उतरल्या. डोक्याला काळा रुमाल, हातात बोचकं, एका बुटाची नाडी सुटलेली. पहाटे साडेपाचला त्यांनी घर सोडलं होतं. आमच्या गावच्या घड्याळाने आता सव्वानऊ. झाम्फिरा मिठी मारायला धावली, तर त्यांनी तिला हाताभर अंतरावर रोखलं.

"हे अडीच तास कुणी मोजले? त्याला माझ्यासमोर आणा."

"आई, धुकं होतं गं..."

"माझा मुरंबा घेतला! तीन बरण्या. पोरगी म्हणते, हे पातळ आहे, विमानात चालत नाही. मी चमचा उलटा धरून दाखवला, बघ बाई, पडतो का? आलुबुखार आठ तास आटवलाय मी! तरी घेतला. आणि मधेच त्या दुसऱ्या गावात उतरवलं, तिथे मी तासभर तुला हाका मारत होते."

झाम्फिरा हसली नाही. मला वाटलं होतं तिला आनंद होईल, पण ती नुसती खाली वाकून आईच्या बुटाची नाडी बांधत राहिली.

साफ्ताबाई अकरा दिवस राहिल्या. एर्मेलिंडाबाईंच्या मुलीने परवानगी दिली होती. दोन्ही म्हाताऱ्यांना कमी ऐकू यायचं आणि एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दिवसभर मोठमोठ्याने बोलणं चालायचं. एका गोष्टीवर मात्र दोघींचं घट्ट एकमत होतं: उघड्या खिडकीतून येणारा वारा माणसाला मारतो. झाम्फिराने खिडकी उघडली की दोघी एकदम ओरडायच्या. "एक होती ती पुरत नव्हती," ती मला म्हणाली, "आता दोन झाल्या. श्वास कोंडलाय माझा."

पण साफ्ताबाईंनी ते घर पाहिलं. मुलीची खोली म्हणजे म्हातारीच्या पलंगाशेजारी घडीची खाट, हे पाहिलं. रात्रीतून पाच वेळा ती उठते हे पाहिलं. एर्मेलिंडाबाईंना उचलून खुर्चीत ठेवताना तिची कंबर कशी धरते ते पाहिलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी नेकुलायला फोन लावायला सांगितला.

"ऐक रे. तुझी बहीण लांब राहते. फार लांब. पुन्हा चिमणीसाठी फोन केलास तर मी तुला चिमणीत कोंबीन."

पुढच्या गुरुवारी झाम्फिराने हे आम्हाला तीनदा सांगितलं. बारा वर्षांत तिचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

आणि मग फोन थांबले. डिसेंबरात डुक्कर कापलं, तिला कळलं ते नाताळ झाल्यावर. चिमणी दुरुस्त झाली, छपराचे पत्रे बदलले, नेकुलायने सगळं स्वतः केलं. सुरुवातीला ती पाय पसरून बाकावर बसायची आणि म्हणायची, "बघ, जमतं की नाही त्याला?" जानेवारीत म्हणू लागली, "आई फोनवर फार कमी बोलते हल्ली. बरी आहे म्हणते आणि ठेवते."

फेब्रुवारीतला एक रविवार. गावाकडून पार्सलं आणणारी सांदूची व्हॅन दर रविवारी बागेमागच्या चौकात लागते. आम्ही दोघी मिठात मुरवलेली कोबी घ्यायला गेलो. सांदूने बादली उतरवता उतरवता सहज विचारलं, "म्हातारी चालायला लागली का गं?"

"कोण म्हातारी?"

"तुझी आई. खुबा मोडला ना तिचा. अंगणात बर्फावर घसरली. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले की."

झाम्फिराने बादली खाली ठेवली आणि तिथेच चौकात उभं राहून भावाला फोन लावला. 

"आईचा खुबा मोडला?"

"ताई, हे बघ..."

"मोडला की नाही?"

"मोडला. पण आता बरी आहे. आईनेच सांगितलं, कळवू नका म्हणून. तिला लांब पडतं, म्हणाली. तुलाच पाहिजे होतं ना हे? तूच म्हणायचीस, लांब आहे, लांब आहे. आता नाही सांगितलं तरी ओरडतेस. तुझ्याशी वागायचं तरी कसं माणसाने?"

 फोन बंद करून तिने सांदूला विचारलं, "परत कधी निघतोस?"

"चार वाजता. पण बाई, पुढे सीट नाही, मागे पार्सलांत..."

"चालेल."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? मंगळवारी विमान आहे." तिने फोनवर बघितलं. मंगळवारचं भरलेलं, शनिवारचंही भरलेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू एर्मेलिंडाबाईंकडे जाशील?" तेव्हा मी एका हॉटेलात सकाळची साफसफाई करत होते. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दोन हजारांवर किलोमीटर, एकतीस तास, पाठीमागे वॉशिंग मशीन आणि मांडीवर कुणाचा तरी केकचा डबा. सोमवारी मध्यरात्री ती घरी पोचली. पुढचं मला तिने आणि नंतर नेकुलायनेही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जवळजवळ सारखंच होतं, म्हणून ते खरं असावं.

स्वयंपाकघरात, भिंतीतल्या शेगडीला लागून आईची खाट लावली होती. साफ्ताबाई सकाळी जाग्या झाल्या, मुलीला पाहिलं आणि म्हणाल्या, "कशाला आलीस एवढ्या लांबून?"

झाम्फिराच्या हातात दुधाचं पातेलं होतं. ते तिने ओट्यावर असं ठेवलं की अर्धं दूध सांडलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस."

"मग? यायला नको होतं?"

"मी जाऊन आलेय तिकडे. मला ठाऊक आहे किती लांब आहे ते. आणि तिथल्या त्या म्हातारीला कुणी उचललं असतं? तिचं वजन बघितलंय मी."

"ते मी बघितलं असतं! आई, इतकी वर्षं नेकुलाय ठरवत होता की मी जवळ आहे. आता तू ठरवतेस की मी लांब आहे. मला कुणी विचारलं? तुझं काम मला कळवायचं. जमतं की नाही जमत, ते माझं मी सांगेन. नाही म्हणायची पाळी आली तर तेही मीच म्हणेन."

नेकुलाय दारात उभा होता. तो म्हणाला, "मग चिमणीचं पण कळवायचं?"

"तू गप्प बस!" दोघी एकदम ओरडल्या.

मग साफ्ताबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. तशाच म्हणाल्या, "ऑपरेशनला नेताना तुझं नाव घेत होते मी. नर्सने विचारलं, झाम्फिरा कोण? बोलावू का? मी म्हटलं, नको, ती कामावर आहे." त्यावर झाम्फिरा रडली, आणि रडतानाही चिडलेलीच होती, असं नेकुलाय म्हणाला.

ती तीन आठवडे राहिली. आईला आधी खाटेवरून उठायला, मग दारापर्यंत, मग अंगणातल्या तीन पायऱ्यांपर्यंत चालायला लावलं. दोघी दिवसभर भांडत. इकडे मी एर्मेलिंडाबाईंचे चमचे चुकवत होते. आठव्या दिवशी त्यांनी मला मारायला घेतलेला चमचा परत ठेवला आणि खिडकी बंद आहे ना, एवढंच विचारलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्यातूनच आताची व्यवस्था निघाली. दर तिसऱ्या महिन्याला झाम्फिरा तीन आठवडे गावी जाते आणि तेवढे दिवस मी तिच्या जागी राहते. एर्मेलिंडाबाईंच्या मुलीने आधी कुरकुर केली, मग एर्मेलिंडाबाईच म्हणाल्या, "मला दोघीही चालतात, तूच चालत नाहीस," तेव्हा तो विषय मिटला. नेकुलायने कबूल केलंय की आईचं दुखणंखुपणं त्याच दिवशी कळवायचं. तो अक्षरशः कळवतो. परवा त्याने आईला शिंक आल्याचा निरोप पाठवला.

साफ्ताबाई आता काठी टेकत फाटकापर्यंत जातात. इटलीला पुन्हा येणार का, विचारलं तर म्हणतात, मुरंबा नेऊ देत असतील तर येईन.

गेल्या गुरुवारी झाम्फिरा बागेत आली ती फोन नाचवतच.

"बघितलंस? उन्हाळ्यापासून मंगळवार-शनिवारचं विमान बंद. आता बुधवारी आणि रविवारी. आणि सुटणार कधी, तर सकाळी सहा वाजता! मी पहाटे तीनला विमानतळावर कशी जाऊ? त्या वेळी बस असते का? मी सगळ्या तारखा लावल्या होत्या, तुझ्या हॉटेलातून सुट्टी घेऊन झाली होती!"

"माझी सुट्टी मंगळवारपासून आहे," मी म्हटलं. "ती बदलायला मला आता त्या मॅनेजरच्या पाया पडावं लागेल."

"मग पड ना!"

"झाम्फिरा, तुला एक सांगू का..."

"काही सांगू नकोस. आधी त्या बियांची पुडी इकडे दे."